दाखला काढण्यापूर्वी

पदवीच्या पहिल्या वर्षाचे निकाल लागले की मराठवाड्यातील लहान गावांतून विद्यार्थ्यांची एक निराळी धावपळ सुरू होते. बारावीनंतरच्या प्रवेशांची गर्दी सर्वांच्या नजरेस पडते. तिच्यासाठी वेळापत्रके निघतात, मार्गदर्शनाचे मेळावे भरतात, वृत्तपत्रे रकाने राखून ठेवतात. परंतु एक वर्ष एका महाविद्यालयात काढून दुसऱ्या वर्षासाठी दुसरीकडे जाऊ पाहणारा विद्यार्थी कोणाच्याच गणतीत नसतो. विचारावे कोणाला हे त्याला ठाऊक नसते, आणि ज्याला तो विचारतो त्याला बहुधा त्याच्या प्रश्नाचे स्वरूपच उमगलेले नसते.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव उदाहरणादाखल घेऊ. त्वरिता देवीच्या स्थानामुळे ते पंचक्रोशीच्या पलीकडेही परिचित आहे. समजा, येथील एक विद्यार्थी बारावी होऊन तालुक्याच्या ठिकाणी विज्ञान शाखेत प्रवेश घेतो, पहिले वर्ष बऱ्यापैकी गुणांनी उत्तीर्ण होतो, आणि मग महाविद्यालय बदलण्याचा विचार घरात सुरू होतो. कारणे अनेक असतात. पुढे जो विषय मुख्य म्हणून घ्यायचा आहे तो तेथे नसतो. थोरला भाऊ पुण्यात कामाला लागलेला असतो आणि त्याच्या खोलीवर राहण्याची सोय होण्यासारखी असते. किंवा आईवडील ऊसतोडीला गेल्यावर घरी मागे कोणी उरत नाही. अशा वेळी दोन नावे पुढे येतात. एक बीडच्या महाविद्यालयाचे, दुसरे पुण्याच्या. घरातील चर्चा मग एकाच मुद्द्याभोवती फिरू लागते: यांतले मोठे कोणते?

या प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. बारावीनंतर प्रथमच प्रवेश घेणाऱ्याने महाविद्यालयाचा लौकिक पाहावा हे समजण्यासारखे आहे, कारण त्याच्या पदरी अजून काही नसते. महाविद्यालय बदलणाऱ्याच्या पदरी मात्र एका वर्षाची कमाई असते. त्या कमाईपैकी किती नव्या ठिकाणी धरली जाईल, हा त्याच्यापुढील पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर जुन्या महाविद्यालयातून दाखला काढण्यापूर्वी आणि लेखी स्वरूपात त्याच्या हाती पडले पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी क्रम उलटा आहे. आधी दाखला, मग अर्ज, मग पात्रतेची छाननी, आणि सर्वांत शेवटी, कधी कधी पहिली सहामाही सरत आल्यावर, काय धरले आणि काय सोडले याचा उलगडा. या क्रमाची किंमत सर्वांत जास्त मोजतो तो खेड्यातला विद्यार्थी.

महाविद्यालय बदलण्याची वेळ येणे ही गोष्ट मराठवाड्याला नवी नाही. निजामाच्या राजवटीत या विभागाला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हैदराबादेस होते आणि त्याचे माध्यम उर्दू होते. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून तेथील विद्यार्थी आणि अधिकारी यांच्यात संघर्ष उडाला. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थीही त्यात उतरले. वसतिगृहात गीत म्हणण्यास मनाई झाली, ती मानण्यास नकार देणाऱ्यांना काढून टाकण्यात आले, आणि शेकडो तरुणांचे शिक्षण मध्येच तुटले. त्या वेळी नागपूर विद्यापीठाने त्यांच्यापैकी अनेकांना प्रवेश दिला म्हणून त्यांची वर्षे मातीमोल झाली नाहीत. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच आंदोलनातील विद्यार्थी. त्यांनी कायद्याचे शिक्षण नागपूर विद्यापीठात घेतले. या विद्यार्थ्यांची गुणवत्ता हैदराबादेत होती तीच नागपुरात होती. फरक पडला तो घेणाऱ्या संस्थेने ‘आम्ही घेतो’ असे स्पष्ट म्हटल्यामुळे.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ज्या मराठवाड्यात त्यांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत महाविद्यालय काढले, तेथील विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांचे स्वतःचे शिक्षण मुंबई, न्यूयॉर्क आणि लंडन अशा तीन शहरांत झाले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. परंतु निघण्यापूर्वी, चार वर्षांच्या आत परत येऊन राहिलेला अभ्यास पुरा करण्याची अनुमती त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. १९२० साली ते परत गेले, १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. ज्यांची विद्वत्ता वादातीत होती, त्यांनीही केवळ विद्वत्तेवर विसंबून न राहता संस्थेची अनुमती आधी घेतली, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पुढल्या दशकांत जिल्ह्याच्या आणि मग तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालये निघाली. १९९४ साली विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. बीड जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडेच राहिला. पूर्वीच्या पिढीचा प्रश्न ‘महाविद्यालय आहे काय?’ असा होता. तो बहुतांशी सुटला. आता प्रश्न आहे तो एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाताना विद्यार्थ्याचे वर्ष शाबूत राहते काय, हा.

कागदावर पाहिले तर हा मार्ग पूर्वीपेक्षा बराच मोकळा झाला आहे. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण मध्येच थांबवण्याची, पुन्हा सुरू करण्याची आणि एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाण्याची मुभा तत्त्वतः मान्य केली. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे विनियम काढले. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या नावे संगणकीय खात्यात जमा व्हावेत आणि ते कमाल सात वर्षे ग्राह्य असावेत, अशी ही योजना. महाराष्ट्रात नवी रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ श्रेयांक अशी तिची चौकट आहे. १३२ धरले तर सहामाहीस २२ आणि वर्षास ४४ होतात.

येथे ‘बँक’ या शब्दाने एक गैरसमज पसरतो. बँकेत ठेवलेला रुपया गेवराईत काढला काय आणि पुण्यात काढला काय, त्याची किंमत तीच असते. श्रेयांकाचे तसे नाही. काही श्रेयांक मुख्य विषयाचे, काही गौण विषयाचे, काही भाषेचे, काही कौशल्याचे, काही खुल्या निवडीचे. रुपयाला असे प्रकार नसतात. जुन्या महाविद्यालयात घेतलेला गौण विषय नव्या महाविद्यालयात शिकवलाच जात नसेल, तर त्याचे श्रेयांक खात्यात सुखरूप राहतील, पण पदवीच्या हिशेबात त्यांना जागा मिळेलच असे नाही. खाते भरलेले दिसते आणि तरीही विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाबरोबर पहिल्या वर्षाचे दोन विषय नव्याने द्यावे लागतात, ही आपत्ती येथूनच उद्भवते. श्रेयांक साठवण्याची व्यवस्था झाली, परंतु ते स्वीकारावेत काय आणि कोणत्या खाती धरावेत याचा निर्णय घेणाऱ्या संस्थेकडेच राहिला. तो निर्णय केव्हा कळवावा, यावरच विद्यार्थ्याचे भवितव्य अवलंबून असते.

आता तलवाड्याच्या विद्यार्थ्यापुढील दोन पर्याय या दृष्टीने पाहू. बीडचे महाविद्यालय संलग्नित असेल तर ते आणि गेवराईचे महाविद्यालय एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. अभ्यासक्रम एकाच अभ्यास मंडळाने आखलेला असतो, परीक्षा एकच असते, विद्यार्थ्याची नोंदणीही त्याच विद्यापीठात आधीच झालेली असते. प्रश्न उरतो तो जागेचा आणि विषयांच्या जोडीचा. मात्र नवे महाविद्यालय स्वायत्त असेल तर हे सारे बदलते. स्वायत्त महाविद्यालय पदवी विद्यापीठाचीच देते, पण अभ्यासक्रम स्वतःचा ठरवते. म्हणून ‘विद्यापीठ एकच आहे, मग अडचण कसली?’ हे विधान तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

पुण्याच्या महाविद्यालयाचे गणित निराळे. तेथे विद्यापीठ बदलते. दाखल्याबरोबर स्थलांतर प्रमाणपत्र लागते, नव्या विद्यापीठाची पात्रता मिळवावी लागते, आणि पहिल्या वर्षाचे विषय त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळतात की नाही हे पाहिले जाते. शिवाय २०२१च्या विनियमांत एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जी संस्था पदवी देणार तिच्याकडून निदान निम्मे श्रेयांक मिळवलेले असले पाहिजेत. १३२चे निम्मे ६६. पहिल्या वर्षानंतर विद्यापीठ बदलणाऱ्याजवळ ४४ असतात आणि ८८ मिळवायचे राहतात. तो या अटीत सहज बसतो. दुसऱ्या वर्षानंतर बदलणाऱ्याजवळ ८८ असतात आणि राहतात केवळ ४४. तो बसत नाही, त्याला काही भाग पुन्हा करावा लागणार हे उघड आहे. ‘दोन वर्षे इथे काढू, शेवटचे वर्ष पुण्यात करू’ असा बेत अनेक घरांत आखला जातो. साध्या बेरजेतच तो टिकत नाही.

विषय जुळले तरी खर्चाचा भाग वेगळा हिशेबात धरावा लागतो. गेवराई ते बीड हे अंतर सोलापूर-धुळे महामार्गाने तीस-पस्तीस किलोमीटरचे. गावापासून महामार्गापर्यंतचा टप्पा त्याहून निराळा. विद्यार्थ्याला एस.टी.च्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते आणि मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.चे भाडे निम्मे झाले आहे. म्हणजे बीडला रोज ये-जा करणे कष्टाचे असले तरी आवाक्यातले आहे. पुण्यात खोलीचे भाडे आणि खाणावळ यांना पर्याय नाही. त्यातच अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडीचा भेद येतो. एकाच महाविद्यालयात, एकाच वर्गात, दोन शुल्के असू शकतात. मधल्या वर्षात येणाऱ्याच्या वाट्याला अनुदानित तुकडीतील रिकामी जागा येईलच याची शाश्वती नसते. महाविद्यालयाचे नाव ऐकून गेलेला विद्यार्थी शुल्काचा आकडा ऐकून खिडकीशी थबकतो, तो याच कारणाने.

शिष्यवृत्तीचेही तेच. महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्ज संस्थेने पडताळल्याशिवाय पुढे सरकत नाही. संस्था बदलली की पडताळणारा बदलतो, आणि प्रवेश उशिरा निश्चित झाला तर अर्जही उशिरा होतो. वसतिगृह तर जागेशीच बांधलेले. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावे वसतिगृह योजना मंजूर केली. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांपैकी ज्यांना शासकीय वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. या योजनांचे मोल मोठे आहे. परंतु विद्यार्थी हलला की वसतिगृहातील खाट त्याच्याबरोबर हलत नाही. नव्या ठिकाणी नवा अर्ज, नवी यादी आणि नवी प्रतीक्षा. श्रेयांकांना चाके लावली गेली, पण खाट, शुल्क आणि शिष्यवृत्ती यांना ती लावायची राहून गेली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या साऱ्यात एका वर्षाची किंमत काय असते, हे शहरातील वाचकाला चटकन उमजणार नाही. बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते. लग्न, दवाखाना आणि शिक्षण यांचे खर्च पुष्कळदा तिच्यातूनच भागतात. अशा घरातील मुलाचे एक वर्ष पात्रतेच्या घोळात गेले, तर ते भरून काढण्यासाठी आईबापांना कोयता हाती घेऊन आणखी एक हंगाम काढावा लागतो. मुलीच्या बाबतीत वर्ष मोडले की शिक्षण पुन्हा सुरू होण्याऐवजी स्थळे पाहणे सुरू होते. कार्यालयातील टेबलावर जो कागद ‘प्रलंबित’ म्हणून पडून असतो, त्याचा अर्थ त्या घरी असा लागतो.

ज्या देशात महाविद्यालय बदलणे ही नित्याची गोष्ट आहे, त्या अमेरिकेचा अनुभव याबाबतीत बोलका आहे. तेथे दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयातून चार वर्षांच्या विद्यापीठात जाणारे विद्यार्थी फार मोठ्या संख्येने असतात. कॅलिफोर्निया राज्याने तर १९६० साली उच्च शिक्षणाचा जो बृहत् आराखडा केला, त्यात अशा विद्यार्थ्यांचा मार्ग हा व्यवस्थेचा एक आधारस्तंभच मानला. आणि तरीही, २००४ ते २००९ या काळात संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ४३ टक्के श्रेयांक गमावले, असा अंदाज तेथील शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने २०१७ साली दिला. साधनसंपन्न देशात, श्रेयांक पद्धती मुरलेली असताना, ही गत. जिथे संस्थांनी आपापसांत आधी करार करून कोणता अभ्यासक्रम कशाच्या बदल्यात धरला जाईल हे ठरवून ठेवले, तिथे विद्यार्थ्याला आपला हिशेब आधी मांडता येतो. जिथे तसे नाही, तिथे तो अंधारात उडी घेतो. युरोपातील देशांनी १९८९ पासून श्रेयांक हस्तांतराची पद्धत रुजवली तीही याच तत्त्वावर. परक्या विद्यापीठात जाण्यापूर्वी तेथे काय शिकायचे आणि परतल्यावर ते कसे धरले जाईल, याचा करार विद्यार्थी व दोन्ही संस्था यांच्यात होतो. आपण श्रेयांक ही कल्पना घेतली. आधी उत्तर देण्याची ही शिस्त मात्र घेतली नाही.

ती शिस्त आणायला नवा कायदा लागत नाही. तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, मधल्या वर्षात प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याने गुणपत्रिकेसह अर्ज केल्यावर नव्या महाविद्यालयाने पंधरा दिवसांत त्याला लेखी उत्तर द्यावे. जागा आहे काय, असल्यास कोणत्या तुकडीत, शुल्क किती, पहिल्या वर्षाचे कोणते श्रेयांक धरले जातील आणि कोणते विषय पुन्हा द्यावे लागतील, एवढे त्यात असावे. दुसरी, विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी निदान शेजारच्या विद्यापीठांच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाशी आपल्या अभ्यासक्रमाची तुलना करून समकक्षतेचा तक्ता प्रसिद्ध करावा, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तोच प्रश्न नव्याने सोडवत बसावे लागणार नाही. तिसरी, नव्या ठिकाणी प्रवेश पक्का होईपर्यंत जुन्या महाविद्यालयाने विद्यार्थ्याचे नाव पटावर ठेवावे आणि तोवर ना हरकत पत्रावर काम भागवावे.

यावर घेतल्या जाणाऱ्या हरकती पोकळ नाहीत. प्राचार्य म्हणतील, किती जागा रिकाम्या होतील हे निकालाआधी आम्हांलाच ठाऊक नसते, मग शब्द कसा द्यावा? परंतु जागेचा शब्द सशर्त देता येतो, आणि श्रेयांकांच्या स्वीकाराचा तर जागेशी संबंधच नाही. तो अभ्यासक्रमाचा प्रश्न आहे आणि अभ्यासक्रम छापलेला असतो. कार्यालयातील कर्मचारी म्हणतील, एक विद्यार्थी पाच ठिकाणी अर्ज करील आणि पाच ठिकाणी आम्ही तक्ते भरत बसू. समकक्षतेचा तक्ता एकदा तयार झाला तर हे काम कमीच होईल. आज ऑगस्टमध्ये ज्या खिडकीवर पालक हेलपाटे घालतात, ती खिडकी त्यामुळे मोकळी होईल.

खरी हरकत तालुक्याच्या महाविद्यालयांची आहे, आणि ती सहानुभूतीने ऐकली पाहिजे. वाट सोपी झाली तर आमचे वर्ग ओस पडतील, कार्यभार घटेल, शिक्षकांची पदे जातील, अशी त्यांना धास्ती वाटते. ज्यांनी कष्टाने ही महाविद्यालये उभी केली आणि जे आज तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मोबदल्यात ती चालवत आहेत, त्यांची ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु विद्यार्थ्याला टिकवून धरण्याचे साधन दाखला अडवणे हे असू शकत नाही. ज्याला त्याचा विषय आणि शिक्षक तिथेच मिळतो, तो कारण नसताना जात नाही. रिक्त पदे न भरता शासनाने या महाविद्यालयांना दुबळे करायचे, आणि मग त्या दुबळेपणाची भरपाई विद्यार्थ्याला अडकवून करायची, हा न्याय नव्हे. उलट लेखी उत्तराच्या पद्धतीने काही विद्यार्थी जागीच राहतील. पुण्याला गेल्यावर दोन विषय पुन्हा द्यावे लागतील हे आधीच कळले, तर त्यांतला कोणी ना कोणी गेवराईतच पदवी पुरी करण्याचा शहाणा निर्णय घेईल.

नियम बदलायचे तेव्हा बदलतील; या वर्षीच्या विद्यार्थ्याला निर्णय आजच करायचा आहे. त्याने तो कसा करावा? प्रथम, आपण का जात आहोत हे एका वाक्यात लिहून पाहावे. ‘तिथे अमुक विषय पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत शिकवला जातो’ हे कारण आहे. ‘तिथले वातावरण चांगले आहे’ हे कारण नव्हे. मग दोन्ही महाविद्यालयांत जाऊन त्या विषयाचे पूर्णवेळ शिक्षक किती, तासिका तत्त्वावरचे किती, आणि तिसऱ्या वर्षाचा वर्ग खरोखर चालतो काय, हे प्राध्यापकांना आणि तेथील विद्यार्थ्यांना विचारावे. मूल्यांकनाची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळालेली असते. आपल्या विषयाच्या विभागाची स्थिती तिच्यावरून कळत नाही. त्यानंतर पदवीला किती श्रेयांक राहतील, किती पुन्हा मिळवावे लागतील आणि त्यासाठी किती सहामाह्या लागतील, याची बेरीज दोन्ही बाजूंनी मांडावी. बेरजेत बीडला दोन वर्षे आणि पुण्याला अडीच वर्षे येत असतील, तर त्या अर्ध्या वर्षाच्या बदल्यात पुणे नेमके काय देते, हे विचारण्याचा अधिकार घरच्यांना आहे.

सर्वसाधारण नियम सांगायचा तर, पहिल्या वर्षानंतर महाविद्यालय बदलणे अटळच असेल आणि विषय बीडला मिळत असेल, तर बीड निवडावे. विद्यापीठ तेच राहते, वर्ष शाबूत राहण्याची शक्यता अधिक असते आणि घर अगदीच दुरावत नाही. पुण्याची ओढ असेल तर ती पदवीनंतर पुरी करावी. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी पदवी ही एकसंध वस्तू म्हणून धरली जाते. तिचे तुकडे करून कोणता तुकडा चालतो आणि कोणता नाही, हे कोणी पाहत बसत नाही. मात्र ज्याचा विषय खरोखरच पुण्याशिवाय मिळत नाही, त्याने संकोच न करता, पण दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच जावे. उशीर झाला तर निम्म्या श्रेयांकांची अट आडवी येते.

एक व्यवहाराची गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेनुसार कोणत्याही संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. ती पडताळून परत द्यावी लागतात. शुल्क परताव्याचेही प्रमाण तिने ठरवून दिले. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेपूर्वी १५ दिवस किंवा त्याहून आधी नाव काढल्यास १०० टक्के, त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून कमाल पाच टक्के आणि तोही ५,००० रुपयांपर्यंतच वजा. त्यानंतर पण अंतिम तारखेपूर्वी ९० टक्के. अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के. १६ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यापुढे काही नाही. पुढे काही वर्षी आयोगाने त्या त्या वर्षापुरत्या याहून सवलतीच्या तारखाही जाहीर केल्या. म्हणून चालू वर्षीचे पत्रक पाहून मगच खिडकीशी जावे. नियम सांगणारा पालक समोर उभा राहिला की पुष्कळ गोष्टी आपोआप सुरळीत होतात. तथापि कागद आणि पैसे परत मिळाले तरी पटावरून गेलेले नाव तितक्या सहजी परत येत नाही, याचा विसर पडू नये.

हे सर्व एकट्या विद्यार्थ्याने करावे अशी अपेक्षा धरणे मात्र अन्यायाचे आहे. ज्याच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारा तो पहिलाच, त्याला अभ्यास मंडळ, समकक्षता, पात्रता या शब्दांचा अर्थ कोण सांगणार? तलवाड्यातील शाळेचे शिक्षक, गेवराईतील प्राध्यापक आणि कार्यालयातील जाणते लिपिक यांनी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एक दुपार यासाठी दिली, तरी पुष्कळांची वर्षे वाचतील. विद्यापीठाने पंधरा दिवसांत लेखी उत्तराचा दंडक घातला, तर त्या दुपारचीही गरज फारशी उरणार नाही. तोवर विद्यार्थ्याला सांगण्यासारखे एवढेच, की ज्या महाविद्यालयाला आपली पुढची दोन वर्षे द्यायची, त्याच्याकडून मागल्या एका वर्षाचा हिशेब सहीशिक्क्यानिशी मागावा, आणि तो हाती आल्यावरच दाखल्याचा अर्ज लिहावा.